मदत द्यायची, पण विद्यार्थ्याला विचारून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘आमच्या ओळखीच्यांचा मुलगा महाविद्यालयात मागे पडला आहे, जरा त्याच्याशी बोलाल का,’ असा निरोप एखाद्या मित्राकडून आला की अनेक वर्षे अध्यापन केलेल्या माणसाला नाही म्हणवत नाही. अशी मदत करण्याची माझी नेहमीच तयारी असते आणि निवृत्त सहकाऱ्यांनीही ती आपणहून दाखवावी, असे मला मनापासून वाटते. मात्र या मदतीची सुरुवातच बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

विनंती येते ती आईवडिलांची, तीही मध्यस्थामार्फत. ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे, त्याला बहुधा कोणी विचारलेलेच नसते. वास्तविक तो सज्ञान असतो. त्याच्या परस्पर ठरवलेली भेट त्याला चौकशीसारखी वाटते आणि आधीच खचलेला विद्यार्थी मग ‘सगळे ठीक आहे’ एवढेच सांगून विषय संपवतो. म्हणून भेटायचे की नाही हे त्याने स्वतः ठरवावे, भेट त्याच्या एकट्याशी व्हावी आणि तो जे सांगेल ते त्याच्या संमतीशिवाय घरी पोहोचू नये, एवढे पालकांकडून आधीच कबूल करून घेणे आवश्यक आहे. याला एकच अपवाद आहे: जीव नकोसा झाल्याचे त्याने सुचवले, तर गुप्ततेचे वचन तेथेच संपते. ही मर्यादाही त्याला पहिल्याच भेटीत सांगून ठेवावी.

‘अभ्यासच करत नाही’ हे पालकांचे निदान क्वचितच पुरेसे असते. मी प्रथम जुन्या उत्तरपत्रिका आणि वह्या पाहायला मागतो, कारण गाडे नेमके कुठे अडले आहे ते गुणपत्रिकेपेक्षा त्यांतून अधिक स्पष्ट दिसते. कलनशास्त्रात (कॅल्क्युलसमध्ये) नापास होणाऱ्या विद्यार्थ्याला पुष्कळदा कलनाची कल्पना समजलेली असते. तो अडखळतो ते अपूर्णांकांच्या आणि घातांकांच्या साध्या रूपांतरांत. त्याला पुढच्या प्रकरणाची शिकवणी लावून काहीही साध्य होत नाही. काहींचे शिक्षणाचे माध्यम बदललेले असते आणि त्यांना विषय नव्हे, तर प्रश्नाची भाषा समजत नसते. काही जण खरोखरच तासन्‌तास वाचत असतात, परंतु केवळ पुन्हापुन्हा वाचतात. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले होते, की उतारा फिरून वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते, मात्र आठवड्यानंतर, वाचलेले न पाहता आठवून लिहिणारे त्यांच्या पुढे गेले. पुस्तक मिटून लिहायची सवय लावणे हे काम विषयाचा तज्ज्ञ नसलेला माणूसही करू शकतो.

अडचण अभ्यासाची नसेल, तर मात्र शिक्षकाने स्वतःची मर्यादा ओळखून थांबावे. झोप उडणे, वर्गात जाणे बंद होणे, आवडत्या गोष्टींतूनही मन निघून जाणे ही आळसाची लक्षणे मानून उपदेश करणे घातक ठरू शकते. केसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील पाहणीनुसार आयुष्यात केव्हा ना केव्हा मानसिक विकार झालेल्यांपैकी तीन चतुर्थांश जणांमध्ये त्याची सुरुवात वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत झालेली होती. म्हणजे महाविद्यालयाची वर्षे याच जोखमीच्या काळात येतात. अशा वेळी समुपदेशकाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यासाठी त्याला तयार करणे आणि हवे असल्यास सोबत जाणे, हीच खरी मदत होय.

ओळख करून दिल्यावर मध्यस्थ मित्राने बाजूला व्हावे, हेही सांगितले पाहिजे. ‘काय म्हणाला तो?’ हा त्याचा प्रश्न आपुलकीचाच असतो, पण त्याला उत्तर देणे म्हणजे विद्यार्थ्याचा विश्वास गमावणे. आणि विद्यार्थ्याने भेटायला नकार दिला, तर पालकांमार्फत आग्रह धरू नये. आपला दूरध्वनी क्रमांक त्याच्याकडे पोहोचवून, पुढे कधीही वाटले तर संपर्क साधता येईल, एवढे कळवावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापक