मिल्या, टायर विकू नकोस

सहकारनगर, पुणे
गुरुवार रात्र

प्रिय मिल्या,

तीन महिने झाले, तुझी पिकअप गाडी माझ्या दारात उभी आणि तुला माझी एक ओळ नाही. चूक माझी. फोन करता आला असता, पण टायरचा विषय निघाला की तू तिसऱ्या वाक्याला मला तोडतोस आणि मग आपण हरिहरेश्वरच्या वाळूपर्यंत मागे जातो. कागदावर तरी तुला शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागेल.

इकडे सगळं ठीक. गुडघा बरा आहे, आईची साखर आटोक्यात.

लिहायचं कारण असं की रविवारी अण्णांना घेऊन वेल्ह्याला निघालो होतो. कात्रजचा बोगदा ओलांडेपर्यंत ते भाताबद्दल बोलत होते, खेड शिवापूरला गप्प झाले आणि चेलाडी फाट्यावर म्हणाले, "नंदू, मला इथं उतरव. मी एसटीनं जातो." रागानं नाही, अगदी साधेपणानं. एक हात कमरेवर, दुसरा खिडकीवरच्या दांडीला घट्ट. जीपच्या मागच्या फळीवर बसून ज्यांनी आपल्याला सगळं पानशेत दाखवलं, ते अण्णा. मला पुढे बोलायला सुचेना, कारण ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि चिखल दोन्हीला चालणारे टायर घे म्हणून तुझ्या मागे लागलेला मीच.

त्यांनी तुला फोनवर "फार आवाज करते" एवढंच सांगितलं, कारण कमरेचं तुला कळू द्यायचं नव्हतं. आणि तू तेवढ्यावर चारही टायर काढून विकायचं ठरवून मोकळा झालास. थांब जरा. तुझ्या गाडीला दोन वेगळी दुखणी आहेत, एक धक्का आणि दुसरा घुमारा. धक्का हवेनं जातो. घुमारा अर्धा जातो, अर्धा राहतो. आणि अण्णांना गाडीतून उतरावंसं वाटलं ते धक्क्यामुळे.

सोमवारी सकाळी गाडी थंड असताना हवा मोजली. चारही चाकांत ४८ पीएसआय! टायर बसवले त्या दिवशी दुकानदारानं भरून दिली आणि तुझ्यामाझ्यापैकी कोणी गेज लावून पाहिलं नाही. त्यानं साइडवॉलवरचा, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरचा, ८०चा आकडा वाचला असणार आणि त्यामानानं ४८ त्याला कमीच वाटले असणार. पण ते ८० कमाल वजनासाठी असतात. आता वाच नीट. तू घेतलेत ते एलटी (म्हणजे लाइट ट्रक, माल वाहायचे) २६५/६५ आर १७, लोड रेंज (मजबुतीचा वर्ग) ई, इंडेक्स (भार पेलण्याचा आकडा) १२०/११७. १२० म्हणजे एकेरी चाकावर १४०० किलो, तेही ८० पीएसआयला. कंपनीचे मूळ टायर त्याच मापाचे, पण इंडेक्स ११२, म्हणजे ११२० किलो. मग गाडी वजनकाट्यावर नेली. आधी फक्त पुढची चाकं फळीवर घेतली, मग फक्त मागची. हौदा रिकामा, डिझेल अर्धी टाकी: पुढे ११९०, मागे ८३०. मागच्या एकेका टायरवर ४१५ किलो. १४०० किलो पेलायला बांधलेला टायर, त्यावर ४१५ किलो, आणि आत ४८ची हवा. तो दबणार कसा?

रिकाम्या पिकअपमध्ये बारीक खड्डा टायरच गिळतो. मागचे पाटे माल वाहायला बनवलेत. एकावर एक पानं, त्यांच्यात घर्षण, त्यामुळे छोट्या धक्क्याला ते हलतच नाहीत. धक्का सरळ चासीत, चासीतून सीटमध्ये, सीटमधून अण्णांच्या मणक्यात. त्यात हे टायर मूळच्यापेक्षा प्रत्येकी चार-पाच किलो जड. तेवढं वजन खड्ड्यात आपटलं की शॉकअप त्याला लगेच आवरू शकत नाही. पुलाच्या सांध्यावर जो "ठण्ण" असा आवाज येतो ना, तो आणखी वेगळा. टायरच्या आत कोंडलेल्या हवेचा गोल नळाच घुमतो. तुझ्या मापाच्या टायरमध्ये तो साधारण १८० हर्ट्झला येतो. त्यावर नायट्रोजनचा काही उपयोग नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, पैसे घालवू नकोस.

आता तू म्हणशील, दारावरच्या स्टिकरवर २९ लिहिलंय, तेवढी कर. नाही! हाच आपला जुना वाद. स्टिकर मूळच्या टायरसाठी आहे. तेवढंच वजन पेलायला एलटी टायरला जास्त हवा लागते. कमी पडली तर साइडवॉल सतत दुमडते, आतून तापते, आणि माल भरून शंभरच्या वेगानं जाताना आतले पट्टे सुटू शकतात. वाळूत १८ करतो ती गोष्ट निराळी, तिथे आपण पंधराच्या वेगानं जातो. (हो, त्या दिवशी तुझं बरोबर होतं. पण परत येताना कॉम्प्रेसर विसरला होतास.) रीत अशी: काट्यावरचं ॲक्सलचं वजन निम्मं करायचं, टायर कंपनीच्या भार आणि हवेच्या तक्त्यात ते वजन कितीला बसतं ते बघायचं, वर थोडी राखीव ठेवायची. मी पुढे ३८ आणि मागे ३५ ठेवलेत.

खात्री खडूनं केली. मागच्या टायरवर या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूची जाड आडवी रेघ ओढली आणि सोसायटीच्या सपाट रस्त्यावर सरळ शंभरेक मीटर गाडी नेली. ४८ला मधली चार बोटं रुंदीची पुसली, दोन्ही खांद्यांवर खडू जसाच्या तसा पांढरा. ३५ला रेघ कडेपासून कडेपर्यंत सारखी पुसली. मधे अस्पष्ट पांढरं राहिलं असतं तर हवा कमी समजायची. पुढच्या चाकांनाही हेच. खडू फक्त टायर टेकतो कसा ते सांगतो, भार पेलण्याचं उत्तर तक्त्याचंच. आणि हौद्यात पाचशे किलो भरायचे असतील तर मागे आधी ४८ कर, माल उतरला की परत ३५.

हवा नेहमी सकाळी, गाडी हलवायच्या आधी बघ. पळून आलेल्या टायरमध्ये चार-पाचनं जास्त दिसते, ती सोडायची नाही. दहा अंशांनी थंडी वाढली की दीड-दोन पीएसआय आपोआप उतरते, म्हणून डिसेंबरात पुन्हा मोज. शिवाय अण्णा बरोबर असतील तेव्हा खताच्या दोन गोण्या हौद्यात केबिनला टेकवून, दोरीनं आवळून ठेवायच्या. शंभर किलोनं मागचे पाटे थोडे जागे होतात.

बरं, मस्कतचं नवं घर लागलं का? ओवीचा दहावीचा निकाल वहिनींकडून कळला, शाबास म्हणावं तिला. सविस्तर मागाहून.

आता घुमारा. २६५/६५ आर १७चा घेर साधारण २.४४ मीटर. ८०च्या वेगाला चाक सेकंदाला नऊ वेळा फिरतं. एका रांगेत साठ ठोकळे धरले तर सेकंदाला साडेपाचशे टाळ्या रस्त्यावर पडतात. तोच सूर तुला केबिनमध्ये ऐकू येतो. म्हणून चांगली कंपनी ठोकळे मुद्दाम लहानमोठे ठेवते, म्हणजे एकच सूर न धरता आवाज पसरतो. त्याशिवाय खाचांत कोंडलेली हवा दाबून बाहेर फेकली जाते, आणि टायर व रस्ता यांच्यात जी कर्ण्यासारखी फट असते ती हा सगळा आवाज मोठा करते. हा भाग नक्षीबरोबर आलाय, तो राहणार. द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर आडव्या खाचा असतात, तिथे त्यांची शिट्टी वेगळी मिसळते. वेल्ह्याच्या डांबरी रस्त्यावर हेच टायर कितीतरी शांत. तेव्हा आवाजाचा निकाल काँक्रीटवर लावू नकोस.

पण निम्मा घुमारा आपल्या हलगर्जीपणाचा आहे, आणि तो हाताला लागतो. पुढच्या डाव्या टायरवर तळवा ठेवून एका दिशेनं फिरवला तर गुळगुळीत. उलट फिरवला तर करवतीच्या दातांसारखा, तळव्याला बोचणारा. प्रत्येक ठोकळ्याची एक कड उंच आणि दुसरी झिजलेली. ठोकळा रस्ता सोडताना घसरतो, ब्रेकमध्ये तर जास्तच, आणि ऑल-टेरेनचे ठोकळे उंच आणि सुटे असल्यामुळे ही झीज त्यांना लवकर लागते. ९,००० किलोमीटर झाले आणि चाकं एकदाही फिरवलेली नाहीत. नवे असताना आवाज नव्हता असं तू म्हणतोस, ते खरंच आहे. आडवा हात फिरवून पाहिला, आतून बाहेर आणि बाहेरून आत दोन्हीकडे सारखा लागला, म्हणजे टो, चाकांचा आत-बाहेर कल, जागेवर आहे. अलाइनमेंटवर खर्च नको.

बेअरिंगची शंका मलाही होती. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगात गाडी हलकी डावीउजवीकडे झुलवली. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो, उजवं बेअरिंग खराब असेल तर तेव्हा आवाज वाढतो, उजवीकडे वळलं की कमी होतो. काही फरक पडला नाही. शिवाय डांबर बदललं की आवाज बदलतो. बेअरिंग रस्ता ओळखत नाही, टायर ओळखतो.

बुधवारी चाकं फिरवून घेतली. मागची दोन सरळ पुढे, पुढची दोन तिरकी मागे, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. टायरवर दिशेचा बाण नाही, त्यामुळे चाललं. आता घुमारा मागून येईल, लगेच थांबणार नाही. उंच कडा उलट दिशेनं घासून सपाट व्हायला दीड-दोन हजार किलोमीटर जातात. अण्णांना तसं सांगून ठेवलंय. यापुढे दर ८,००० ला न चुकता.

स्टिअरिंग नव्वदला थरथरत होतं, त्याची दोन कारणं निघाली. एक, रिमच्या आतल्या बाजूला शेतातला चिखल वाळून दगड झाला होता. दोन, तू हौसेनं घेतलेली रिमं! त्यांचं मधलं भोक हबपेक्षा मोठं आहे, चाक फक्त नटांवर लटकलेलं. मापाच्या चार रिंगा बसवल्या, बॅलन्सिंग केलं, नट चांदणीसारखे समोरासमोर आवळले, टॉर्क पान्यानं, मॅन्युअलमधल्या आकड्याला. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासणार आहे.

दारांना ती डांबरी शीट लावायचं मात्र डोक्यातून काढ. वरचा सळसळाट कमी होईल, पण अण्णांना त्रास देणारा खालचा घुमारा सस्पेन्शनमधून आणि चासीतून येतो, दारातून नाही. एवढे पैसे पाचव्या टायरला घाल.

हो, पाचवा टायर. तू चारांवर अडून बसलास आणि स्टेपनी मूळचीच ठेवलीस. माप तेच असलं तरी ती झिजलेली, आणि नव्या नक्षीची खोली जास्त, म्हणजे घेर वेगळा. तुझ्या गाडीला मधलं डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं, नाही. डांबरावर फोर-एचमध्ये (चारही चाकांना ताकद) असं वेगळं चाक चाललं तर ट्रान्स्फर केसला, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीला, पीळ बसतो. मागचं चाक पंक्चर झालं तर पुढचं मागे लाव, स्टेपनी पुढे, आणि टू-एचमध्येच (फक्त मागच्या चाकांवर) घरी ये. पाचवा घेतलास तर पाचही फिरवता येतील आणि झीज वाटली जाईल.

पावसाचं एक. ओल्या डांबरावर ब्रेकला हे टायर चांगल्या हायवे टायरइतके पटकन थांबत नाहीत. ताम्हिणीत अंतर जास्त ठेव. नक्षीच्या खोलीचं कायद्याचं किमान १.६ मिलीमीटर असलं तरी ४ मिलीमीटर उरले की मी ते उतरवीन. तेव्हा पुन्हा ऑल-टेरेनच घे, पण एलटी नको, त्याच मापाचा साधा ११२ वाला घे. हलका असतो, साइडवॉल मऊ असते, स्टिकरची हवा चालते. तुला दगडांवर चढायचं नाही, शेवटचा तीन किलोमीटर चिखल काढायचा आहे. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं. नक्षीवर बोलत बसलो आणि लोड रेंज बघायची राहिली.

या रविवारी पुन्हा नेतोय त्यांना. ३८-३५, दोन गोण्या हौद्यात, साठच्या पुढे काटा नाही. चेलाडीला मी स्वतःहून गाडी थांबवणार नाही, ते म्हणाले तरच. पाचव्याचं काय ते शनिवारच्या आत कळव. टायरवरचा कोड बघून घेतो, शेवटचे चार आकडे म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष, जुना माल नको.

तुझा,
नंद्या