खरकट्याचे ड्रम आणि डुकरांचा ताप : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा विषाणूजन्य रोग २०२० साली अरुणाचल प्रदेश आणि आसाममध्ये आढळला, तेव्हापासून त्याचा विचार मुख्यतः डुकरांच्या वाहतुकीच्या अंगाने होतो. मुंबईत मात्र तो हॉटेलांच्या मागच्या दारानेही शिरू शकतो.

उपनगरांच्या कडेला डुकरे पाळणारी कुटुंबे हॉटेले, कॅन्टीन आणि लग्नाच्या हॉलांतले खरकटे ड्रम भरून आणतात. हा विषाणू गोठवलेल्या आणि खारवलेल्या मांसात महिनोन्महिने तग धरतो, त्यामुळे बाधित मांसाचे चार तुकडे त्या ड्रममध्ये पडले तरी पुरे. चीनमध्ये २०१८ साली साथ पसरली, तेव्हा खरकटे हे प्रसाराचे एक प्रमुख कारण ठरले. त्यावर सरसकट बंदी घालणे सोपे आहे, पण ती पाळली जाणार नाही. विकतचे खाद्य परवडत असते, तर ड्रम वाहिले असते कोणी? त्यापेक्षा खरकटे सतत ढवळत किमान ९० अंश सेल्सिअसला ६० मिनिटे शिजवावे, हा जागतिक पशुआरोग्य संघटनेचा निकष पाळणारी केंद्रे महापालिकेने प्रभागांत चालवावीत.

याहून मोठी अडचण भरपाईची आहे. आपल्याकडे या रोगावर लस वापरात नाही (क्लासिकल स्वाइन फीव्हर हा डुकरांचा वेगळा रोग, त्याची लस इथे निरुपयोगी), म्हणून बाधित ठिकाणाभोवती एक किलोमीटरच्या परिघातली सगळी डुकरे मारावी लागतात. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीचा २००९ चा केंद्रीय कायदा डुकरे पाळणाऱ्याला रोगाची खबर देण्यास बांधील धरतो. पण नमुन्याचा अहवाल भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतून येईपर्यंत थांबले, तर धडधाकट दिसणारी डुकरेही जाणार आणि पैसे कधी मिळतील याचा भरवसा नाही, हे दिसताच तो ती रातोरात विकून मोकळा होतो. त्यांतली काही आधीच बाधित असतात, आणि त्यांचे मांस फिरून त्याच हॉटेलांत पोहोचते. भरपाईचा भार केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. राज्याने केंद्राच्या हिश्शासाठी न थांबता पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत खात्यात जमा करावी आणि परवाना नाही म्हणून कोणाला वगळू नये, कारण ज्याला वगळाल तोच रोग लपवेल.

हा रोग माणसाला होत नाही, हे पहिल्याच निवेदनात ठळकपणे यावे. स्वाइन फ्लूची धास्ती लोक विसरलेले नाहीत.

राहिला प्रश्न मेलेल्या डुकरांचा. ती चुना टाकून खोल पुरावीत असे नियम सांगतो, परंतु गोवंडी-मालवणीच्या दाट वस्तीत खड्ड्याला जागा नाही, आणि पावसाळ्यात खणलेला खड्डा पाण्याने भरतो. जागा ठरलेली नसेल, तर मृत जनावरे नाल्यात जातील. त्यांच्यासाठी दाहिनी कोठे असावी, हे महापालिका आयुक्तांसोबत बसून येत्या पावसाळ्यापूर्वी ठरवावे, ही विनंती.

आपला नम्र,
मुंबईतील एक पशुवैद्यक