मला मदत, बहिणीला सल्ले

महोदय,

मी निवृत्त झालो त्याच वर्षी माझ्या पत्नीला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पुढची साडेपाच वर्षं, ती असेपर्यंत, तिचं सगळं मी केलं. ती गेल्यावर दीड वर्षानं माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना हाच झटका आला. त्यालाही आता दोन वर्षं झाली. आजार तोच, अंथरूण तसंच. पण आम्हा भावाबहिणीला माणसांचा अनुभव इतका वेगळा आला की तो कुठेतरी मांडावा, म्हणून हे पत्र.

मी पत्नीचं करत होतो तेव्हा शेजारणी न सांगता जेवण पाठवायच्या. पुतण्या औषधं आणून द्यायचा. आलेला प्रत्येकजण निघताना म्हणायचा, "धन्य आहे तुमची, पुरुषमाणूस असून एवढं करता!" ऐकून मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू? ताईला हे वाक्य दोन वर्षांत एकदाही कोणी म्हटलेलं नाही. तिच्याकडे येणारे पलंगाशी बसतात आणि विचारतात, "पाठीला जखम कशी झाली? कूस बदलत नाही का?"

ती बदलते. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. अकरा, एक, तीन, पाच असे गजर लावून ठेवलेत तिनं. मी एका रात्री तिथे राहिलो तेव्हा पाहिलं. चादरीची दोन टोकं मुठींत गुंडाळायची, आपला दुखरा गुडघा पलंगाच्या कडेला रोवायचा आणि सत्तर किलोच्या माणसाला चादरीसकट आपल्याकडे वळवायचं. मग पाठीमागे उशी, पोटरीखाली घडी घातलेला टॉवेल, म्हणजे टाच अधांतरी राहते. शेवटी अंगाखालून तळहात फिरवून चादरीची चुणी काढायची, कारण नाजूक झालेल्या कातडीला चुणीसुद्धा पुरते. हे करून ती पुन्हा आडवी झाली तेव्हा पुढच्या गजराला दीड तास उरला होता. मुलगा शेजारच्या खोलीत झोपलेला. मुलगा वाईट नाही. रोज सकाळी निघताना "बाबा कसे आहेत?" असं आईला विचारतो. आई कशी आहे, हे त्याला विचारावंसंच वाटत नाही.

मलाही सगळं मिळालं असं नाही. पत्नीला घरी सोडताना नाकातल्या नळीतून अन्न कसं द्यायचं हे शिकवायचं होतं. तिथल्या परिचारिकेनं मला विचारलं, "घरात बाई कोणी नाही का?" आणि भेटायला आलेल्या माझ्या भाचीला शिकवलं. भाची दुसऱ्या दिवशी आपल्या घरी गेली. डोकं उंच करायचं, नळी जागेवर आहे ना हे आधी पाहायचं, हे मी दारात उभा राहून जेवढं ऐकलं तेवढ्यावर त्या रात्री केलं, आणि हात इतका थरथरत होता की निम्मं उशीवर सांडलं. मित्र यायचे, इकडचं तिकडचं बोलून जायचे. झोप लागते का, असं साडेपाच वर्षांत एकानंही विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. पुरुषानं रडगाणं गाऊ नये, हे माझ्याही अंगात मुरलेलं होतं.

जेम्स हाऊस या अभ्यासकानं १९८१ साली आधाराचे चार प्रकार मांडले: मायेचा, प्रत्यक्ष कामाचा, माहितीचा आणि 'तुझं बरोबर चाललंय' असं सांगणारा. हे वाचलं तेव्हा मला आमची दोन्ही घरं दिसली. मला काम आणि शाबासकी मिळाली, ताईला नुसती माहिती, तीही न मागता. माया दोघांनाही तोकडीच.

घरकाम आणि सांभाळ धरून जगातल्या बिनपगारी कामाचे तीन चतुर्थांशाहून अधिक तास बायका भरतात, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१८ चा अहवाल सांगतो. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जोडीदाराची शुश्रूषा करताना ताण सोसणाऱ्या वृद्धांना चार वर्षांत मृत्यूचा धोका शुश्रूषा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के जास्त आढळला. ताई ७१ वर्षांची आहे. हा आकडा वाचल्यापासून मला स्वस्थता नाही.

रुग्णालयांना माझी कळकळीची विनंती आहे, की रुग्णाला घरी सोडताना 'करणार कोण?' हे विचारा आणि त्याच माणसाच्या हातून एकदा सगळं करवून घ्या, मग तो पुरुष असो की बाई. नातेवाइकांनी "काही लागलं तर सांगा" म्हणणं सोडावं. कोणी सांगत नाही. वार आणि वेळ ठरवून यावं.

मी आता दर मंगळवारी चार ते सात मेहुण्यांपाशी बसतो. पहिल्या मंगळवारी ताई चपला घालून दारात उभी राहिली, कुठे जावं तिला सुचेना. मग चपला काढून आतल्या खोलीत गेली आणि तीन तास झोपली. पाचचं कूस बदलणं मी केलं.

आपला,
एक वाचक
(बहिणीचं घर ओळखू येऊ नये म्हणून नाव न छापण्याची विनंती)