ताई, पाळणा हलण्याआधीच हे आभार

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

आभाराची पत्रे बहुधा काम फत्ते झाल्यावर लिहिली जातात, आणि आमच्यासारख्या जोडप्याच्या बाबतीत काम फत्ते होणे म्हणजे काय, हे महालापासून मानेवाड्यापर्यंत पसरलेल्या आपल्या गोतावळ्याने केव्हाच ठरवून टाकलेले आहे. त्या हिशेबाने हे पत्र वेळेआधीचे आहे. आमच्या घरी बाळ आलेले नाही आणि ते येईलच असे कोणत्याही डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलेले नाही. तरीही आभार मानण्याजोगे जे होते ते घडून गेलेले आहे. ते मी चारचौघांत मानते आहे, कारण तुम्ही जे केलेत ते कोणत्याही नणंदेला किंवा जावेला करता येण्याजोगे असूनही आपल्याकडे फारसे कोणी करत नाही. तुम्हाला विचारूनच, कोणाचेही नाव न घेता, लिहिते आहे.

माझ्या आजाराचे नाव एंडोमेट्रिऑसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाच्या बाहेर, म्हणजे अंडाशयांवर, पोटाच्या आतल्या आवरणावर, कधी आतड्यालगत वाढू लागते. पाळीच्या संप्रेरकांना तीही प्रतिसाद देते, त्यातून दाह होतो, व्रण राहतात आणि जे अवयव एकमेकांपासून सुटे असायला हवेत ते चिकटून बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना आणि मुलींना, म्हणजे जगभरात १९ कोटींच्या घरात, हा आजार आहे. इतका सर्रास आढळणारा आजार मला आहे हे कळेपर्यंत माझे कॉलेज संपले, नोकरी लागली, लग्नही झाले. लग्नाआधी एका डॉक्टरांनी सांगितले होते की लग्न झाले की कमी होईल. लग्नानंतर दुसऱ्यांनी सांगितले की मूल झाले की थांबेल. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, कूलरसमोर गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून निजलेली सून पाहून घरात हसू येणे स्वाभाविक होते. मीही त्या हसण्यात सामील होत असे.

महालक्ष्म्यांच्या जेवणाची तयारी चाललेली होती. मारबत होऊन जेमतेम आठवडा झालेला होता, आणि इडा-पिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीने माझी पीडा मात्र जागच्या जागी ठेवलेली होती. सोळा भाज्या निवडायला बसलेल्या बायकांमधून मी उठून मागच्या खोलीत गेले, तेव्हा तुम्ही मागोमाग आलात. त्या दिवसापर्यंत मला घरात, ऑफिसात, हळदीकुंकवाला एकच प्रश्न विचारला जात असे, आणि तो कसा विचारला जातो हे सांगायची गरज नाही. तुम्ही दारातच उभ्या राहून विचारलेत, “हे दर महिन्याला असंच होऊन राहिलं का तुला? कधीपासून?” माझ्या दुखण्याविषयी, बाळाचा उल्लेखही न करता, विचारला गेलेला तो या घरातला पहिला प्रश्न होता.

त्यानंतर तुम्ही ओवा सुचवला नाहीत, काढा सुचवला नाहीत, कोणाच्या तरी मावससुनेला गुण आलेला वैद्यही सुचवला नाहीत. तुम्ही मला एक कागद घेऊन बसवलेत आणि दुखणे कोणत्या वयात सुरू झाले, पाळीच्या आधी किती दिवस असते, शौचाच्या वेळी होते का, रजा टाकावी लागते का, हे सगळे लिहून काढायला लावलेत. पती-पत्नींच्या जवळिकीत वेदना होते का, हेही तुम्ही विचारलेत आणि उत्तर मिळेपर्यंत नजर कागदावर ठेवलीत. ते मी कोणाला कधीच सांगितलेले नव्हते. तो कागद धंतोलीतल्या ज्या डॉक्टरांपुढे आपण ठेवला त्यांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि मग मूल कधीपासून हवे आहे हे विचारले. अंतर्गत सोनोग्राफी झाली, पुढे एमआरआय झाला. डाव्या अंडाशयात जुने रक्त साठून झालेली गाठ, जिला चॉकलेट सिस्ट म्हणतात, आणि गर्भाशयाच्या मागच्या बाजूला चिकटलेला भाग, असे दोन्ही दिसले. निदानासाठी आधी दुर्बिणीची शस्त्रक्रिया झालीच पाहिजे असे आता राहिलेले नाही; युरोपातील मानवी प्रजनन व भ्रूणशास्त्र संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात, असे त्यांनी समजावले.

नाव कळले की निम्मे ओझे उतरते असे म्हणतात. माझे उतरले नाही, कारण पुढचा पेच आणखी अवघड होता. डायनोजेस्टसारख्या संप्रेरकांच्या गोळ्यांनी वेदना आटोक्यात येते, पण त्या चालू असताना सहसा गर्भ राहत नाही आणि त्या घेतल्याने पुढे गर्भ राहण्याची शक्यताही वाढत नाही. अंडाशयातली गाठ काढता येते, पण ती काढताना भोवतालची निरोगी ऊतीही जाऊ शकते आणि उरलेला अंड्यांचा साठा घटू शकतो. म्हणजे दुखणे थांबवायचे तर प्रयत्न थांबवायचे, आणि प्रयत्न चालू ठेवायचे तर दर महिन्याला दुखणे सोसायचे. पाळी आली की आशा संपते आणि वेदना सुरू होते, तीही एकाच सकाळी. त्या सकाळी माणूस नेमके कशासाठी रडते आहे हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही, मग नवऱ्याला कुठून सांगणार?

तुमच्या भावाची आणि माझी त्या काळात जी अवस्था झाली ती तुम्हाला दिसत होती, पण तिचे कारण तुम्ही ओळखलेत याचे मला आजही नवल वाटते. तारखा पाहून जवळ यायचे, त्यातही दुखायचे, आणि दुखते हे लपवायचे. मला त्रास होतो या भीतीने ते दूर राहू लागले आणि ते मला कंटाळले असा अर्थ मी काढला. ऑफिसातून निघून ते फुटाळा तलावावर बसून राहत आणि जेवायच्या वेळी घरी येत. जेवताना आमचे बोलणे गोळ्या, रिपोर्ट आणि बिले यांपलीकडे जात नसे. भांडण झाले असते तर एकवेळ बरे. आमच्यात भांडणही उरलेले नव्हते.

तुम्ही त्यांना एका रविवारी अंबाझरीला फिरायला नेलेत. काय बोललात ते तुम्ही मला कधी सांगितले नाहीत, ते त्यांनीच बऱ्याच दिवसांनी सांगितले: “तिला दुखते म्हणून तू दूर राहतोस, आणि तिला वाटते तुला ती नकोशी झाली. हे तिला सांगून टाक ना बाप्पा, मला काय सांगून राहिला?” एवढेच. सख्ख्या भावाची बाजू घेण्याची तुम्हाला पूर्ण मुभा होती आणि आपल्याकडे ते रीतीलाही धरून झाले असते. तुम्ही आम्हा दोघांपैकी कोणाचीच वकिली केली नाहीत. त्याच आठवड्यात तुम्ही त्यांना वीर्यतपासणी करून घ्यायला लावलेत, जी खरे तर सर्वांत सोपी, स्वस्त आणि सर्वांत आधी व्हायला हवी अशी तपासणी. तोवर सगळ्या सुया आणि सगळी यंत्रे माझ्याच वाट्याला आलेली होती. अहवाल नेहमीच्या मर्यादेत होता. पण प्रयोगशाळेच्या त्याच बाकावर, त्याच संकोचाने, आपल्या नावाचा पुकारा होण्याची वाट पाहिलेला नवरा घरी आल्यावर वेगळा बोलू लागला, हे मी नोंदवून ठेवते. पुढे आम्ही समुपदेशकांकडे गेलो तेव्हा तुम्ही पत्ता दिलात आणि सोबत आला नाहीत. तेही मदतीतच धरायला हवे.

आईंच्या बाबतीत तर तुम्ही वादच घातला नाहीत. पुढच्या भेटीला त्यांना सरळ सोबत घेतलेत. डॉक्टरांनी कागदावर गर्भाशय आणि अंडाशये काढून दाखवली, आईंनी चष्मा लावून ती पाहिली आणि विचारले, “म्हणजे हे सावजीचं तिखट खाऊन झालं नाही?” नाही म्हटल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. त्यांच्यात आमूलाग्र बदल झाला असे मी लिहिणार नाही, कारण ते खरे नाही. टेकडीच्या गणपतीचा अंगारा अजूनही माझ्या उशीखाली निघतो, आणि त्याला माझी काही हरकत नाही. पण आमच्या वेळी सगळ्यांनाच दुखायचे, हे वाक्य मात्र त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलेले नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. बाकी सगळ्याचे आभार मी कदाचित तोंडीही मानले असते; हे पत्र लिहिले गेले ते तुम्ही आम्हाला थांबू दिलेत म्हणून. डॉक्टरांनी सुचवलेला मार्ग असा होता की आधी अंडी काढून आयव्हीएफने, म्हणजे शरीराबाहेर फलन घडवून, गर्भ तयार करावेत, ते गोठवून ठेवावेत, आणि मग काही काळ गोळ्या देऊन माझे दुखणे शांत करावे. शरीर आणि मन दोन्ही सावरल्यावर गर्भ गर्भाशयात सोडण्याचा विचार करावा. वैद्यकीयदृष्ट्या त्यात जगावेगळे काही नव्हते. घरात मात्र थांबणे या एका शब्दाने खळबळ उडाली. वय काय थांबणार आहे का, एवढा खर्च करून हातावर हात ठेवून बसायचे का, लोकांना काय सांगायचे, असे प्रश्न फोनवरून अमरावतीहून आणि यवतमाळहूनही येऊ लागले. तुम्ही डॉक्टरांना पुन्हा भेटलात, माझ्यादेखतच, आणि वयाचा धोका नेमका कशाला आहे ते विचारून घेतलेत. अंड्यांच्या संख्येवर आणि प्रतीवर वयाचा परिणाम होतो. गोठवलेला गर्भ मात्र ज्या वयाच्या अंड्यातून झाला त्याच वयाचा राहतो. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्याने असे गर्भ १० वर्षांपर्यंत जतन करता येतात. एवढी माहिती हाती आल्यावर तुम्ही सगळ्या नातेवाइकांना स्वतः फोन केलेत आणि पुढची दिवाळी होईपर्यंत या विषयावर काही विचारायचे असेल तर ते तुम्हालाच विचारावे, असे सांगून टाकलेत. त्यांपैकी दोघी अजून तुमच्याशी नीट बोलत नाहीत, हे मला ठाऊक आहे.

पैशांविषयी थोडक्यात लिहिते, कारण तुम्हाला ते आवडणार नाही. आयव्हीएफचा खर्च आमच्या आवाक्याच्या काठावरचा होता आणि तुम्ही मुदत ठेव मोडलीत. तुम्ही हिशेब ठेवलेला नाही. मी ठेवलेला आहे.

थांबल्याने काय झाले? चमत्कार झाला नाही. सुरुवातीला गोळ्यांनी मधूनमधून रक्तस्राव होत राहिला, काही आठवडे मन विनाकारण उदास राहिले, आणि त्याबद्दल डॉक्टरांना पुन्हा भेटावे लागले. पण पुढे पाळी थांबली आणि तिच्याबरोबर तारखांची टांगती तलवारही गेली. एका जावेच्या डोहाळजेवणाला आम्ही गेलो नाही आणि न जाण्यासाठी पहिल्यांदाच ऑफिसचे खोटे कारण दिले नाही; तुम्ही तिला आधीच सांगून ठेवले होते आणि तिनेही ते मनाला लावून घेतले नाही. आम्ही रामटेकला जाऊन आलो, परतताना वाटेत उसाचा रस प्यायलो आणि कितीतरी दिवसांनी एका सिनेमावरून कडाकडा भांडलो. जवळ येताना आता मी दुखते तेव्हा दुखते म्हणते आणि ते ऐकतात. यापुढे गर्भ राहील, न राहील. मूल झाले तरी हा आजार त्याने बरा होतोच असे नाही, हेही आता दोघांना माहीत आहे. मूल दत्तक घेण्याविषयी आम्ही एकदा बोललो आणि तो विषय सध्या मोकळा ठेवला. पण कोणत्या महिन्यात पुढचे पाऊल टाकायचे, की टाकायचेच नाही, हे आम्ही दोघे मिळून ठरवणार आहोत. ही मोकळीक आम्हाला तुमच्यामुळे मिळाली.

राहता राहिला भाचीचा विषय. ती बारावीत आहे, दर महिन्याला दोन दिवस कॉलेज बुडवते आणि उलट्या होईपर्यंत दुखते, असे तुम्ही परवा फोनवर म्हणालात. लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत या आजारात ४ ते १२ वर्षे जातात, असे जागतिक आरोग्य संघटनेने नमूद केलेले आहे. प्रत्येक दुखणारी पाळी हाच आजार असेल असे नाही, तिचे दुखणे साधे निघावे हीच इच्छा. पण ते तपासून घ्यायला हवे. मी तिच्यासाठी कागद तयार केला आहे. तुम्ही माझ्याकडून लिहून घेतलात तसाच, फक्त तिच्या वयाला लागू नसलेले प्रश्न काढून टाकले आहेत. येत्या गुरुवारी डॉक्टरांची वेळ मिळाली आहे आणि मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. तिची आधीची सोनोग्राफी असेल तर ती फाइल बाहेर काढून ठेवा, आणि ती संकोचेल असे वाटले तर तुम्ही बाहेर बसा, मी आत तिच्याबरोबर जाईन.

आपली नम्र,
धाकटी वहिनी
नागपूर