आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : ‘नातेवाईकांस समजावून सांगितले’

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

महोदय, सविनय नमस्कार.

देवगड तालुक्यात, विजयदुर्गाच्या अलीकडे, खाडीला लागून आमचं घर आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. यजमान मुंबईत नोकरीला, गणपतीला आणि शिमग्याला येतात. घरात मी, नववीतला मुलगा आणि सासूबाई, त्यांना मी आई म्हणते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये सकाळी सहाच्या सुमारास खळं झाडता झाडता आई खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. तोंड वाकडं, उजवा हात लोंबकळलेला, बोलायला गेल्या की नुसतं ‘गो... गो’. अंगावरून वारं गेलं, म्हणजे पक्षाघात झाला, हे शेजारच्या काकांनी बघताक्षणी ओळखलं. आणखी कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. गाडी मिळवून, वाटेत एका डॉक्टरांना दाखवून, तळेऱ्याला हायवेला लागून आम्ही कणकवलीला पोचलो. आई सीटी स्कॅनच्या टेबलावर गेल्या तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ टळून गेली होती. रस्ते, गाड्या, यंत्रं यांवर पुष्कळ लिहून झालंय आणि लिहिणारे माझ्याहून जाणते आहेत. मला त्याच्या पुढचं सांगायचंय.

आठव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. कार्डावर औषधांच्या खाली एक ओळ होती : ‘फिजिओथेरपी – नातेवाईकांस समजावून सांगितले.’ झालं होतं ते असं. आदल्या दिवशी एक मुलगी आली, तिनं आईंचा हात चार वेळा वर-खाली केला, पाय दोनदा गुडघ्यात वाकवला, “असं दिवसातून तीनदा करा” म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली. तिला दोष देत नाही. तिच्याकडे अख्खा मजला होता.

पण मी शिक्षिका आहे. हातच्याची वजाबाकी फळ्यावर एकदा दाखवून मी वहीत ‘विद्यार्थ्यांस समजावून सांगितले’ असा शेरा मारला, तर आमचे केंद्रप्रमुख मला उभं करतील. ते विचारतील, मुलाला येतंय का? मला येतंय का, हे कुणीच विचारलं नाही.

मला येत नव्हतं. आईंना खाटेवरून उठवताना मी उजव्या काखेत हात घालून वर ओढायची. तीच बाजू लुळी, म्हणून आधार तिलाच द्यायचा, असा माझा हिशोब. सहा आठवडे असं केलं. मग त्या हात लावू देईनात. कपडे बदलताना कळवळायच्या. शेवटी कणकवलीहून एक फिजिओथेरपिस्ट बोलावले, एका खेपेचे आठशे रुपये. त्यांनी आईंच्या खांद्यावर बोट ठेवून दाखवलं. हाडाखाली बोट रुतेल एवढी खाच पडली होती. लुळ्या हाताचे स्नायू सांधा धरून ठेवत नाहीत. त्या हाताला धरून ओढलं की खांदा सुटत जातो. उठवायचं ते कमरेला धरून, आणि बसल्यावर हात उशीवर ठेवायचा. सांगायला दोन मिनिटं लागली. ती खाच मी पाडली, हे मला रोज आंघोळ घालताना दिसतं.

दुसरी चूक पेजेची. आमच्याकडे आजारी माणसाला पेज देतात, त्यात विचार करण्यासारखं काही असेल असं कुणाला वाटणार? आई प्यायल्या की ठसका लागायचा. वय झालं, घाईने पितात, असं म्हणून मी आणखी पातळ करून द्यायची. पातळच घात करतं, हे नंतर कळलं. पक्षाघातात गिळण्याचे स्नायू ढिले पडतात, पाण्यासारखा पदार्थ घशातून फुप्फुसात उतरतो. दुसऱ्या महिन्यात ताप चढला, न्यूमोनिया निघाला, पुन्हा नऊ दिवस दवाखाना. आता पेजेऐवजी अटवल, म्हणजे घट्टसर मऊ भात, ताकाऐवजी घट्ट दही, पाठ ताठ आणि हनुवटी जरा खाली. ठसका गेला.

माझी भाची मुंबईत फिजिओथेरपी शिकते. माझं रडगाणं ऐकून तिनं मला काही शोधनिबंध पाठवले आणि फोनवरून समजावले. हे पत्र त्यातूनच निघालं.

पहिला आपल्याच देशातला. ‘अटेंड’ नावाची ही चाचणी 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. भारतातली 14 रुग्णालयं, पक्षाघाताचे 1250 रुग्ण. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटात नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटात त्याशिवाय घरच्या माणसाला पद्धतशीर शिक्षण : दवाखान्यातच सुरुवात, मग घरी येऊन दोन महिन्यांपर्यंत पाठपुरावा. माझ्या वाट्याला आलं त्याच्या कितीतरी पट अधिक. सहा महिन्यांनी मोजलं तेव्हा दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण पहिल्या गटात 47 टक्के. दुसऱ्या गटातही 47 टक्के.

हे वाचून मी आधी रडले आणि मग मला हायसं वाटलं. माझ्यात काही कमी होतं म्हणून आई उभ्या राहिल्या नाहीत असं नव्हे, एवढं तरी कळलं. मला वाटतं दोन्ही गटांत घरचे लोक जीव तोडून करतच असणार. खाच आहे ती दुसरीकडे. अभ्यास करणाऱ्यांचा निष्कर्षही तोच : पुनर्वसनाचं काम नातेवाईकांवर सोपवणाऱ्या नव्या सेवांवर पैसा घालावा, असं या पुराव्यावरून म्हणता येत नाही. आरोग्य सहायक किंवा गावपातळीवरचं पथक यांच्याकडे ते काम देऊन काय होतं, ते पुढे तपासावं.

आता दुसरा. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधली 19 रुग्णालयं, रुग्ण पक्षाघाताचेच; निबंध छापून आला 2011 मध्ये. तिथे नातेवाईकांऐवजी नर्सना शिकवलं. पहिल्या तीन दिवसांत ताप बघा, साखर बघा, आणि तोंडात काही घालण्याआधी गिळता येतं का बघा. नवं यंत्र नाही, महागडं औषध नाही. तीन महिन्यांनी, जिथे हे शिकवलं नव्हतं तिथे 58 टक्के रुग्ण दगावलेले किंवा परावलंबी; जिथे शिकवलं तिथे 42. ऑस्ट्रेलिया म्हणजे देवगड नव्हे, मान्य. पण चमचाभर पाणी पाजून ठसका लागतो का, आवाज घोगरा होतो का, एवढं बघायला देवगड आड येत नाही.

म्हणजे, महोदय, नर्सला शिकवलं तर फरक पडला आणि सुनेला शिकवलं तर पडला नाही. तरी आपली सगळी भिस्त सुनेवर.

कोकणात तर ही भिस्त फारच सोयीची. तरणी माणसं मुंबई-पुण्याला, घरं म्हाताऱ्यांची, आणि मागे राहिलेली एखादी सून किंवा न लग्न झालेली मुलगी. ती नसेल तिथे काय होतं ते आमच्या वाडीत बघितलंय. इथे लिहीत नाही. आम्हाला मूल सांभाळायला 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहे, त्याबद्दल सरकारचे आभार. सासू सांभाळायला मी अर्धपगारी रजा काढली. जनआरोग्य योजनेचं कार्ड दवाखान्यात चाललं, आमच्या पडवीतल्या खाटेपर्यंत ते पोचलं नाही.

वाचेचं तर नावच नको. आईंना नातवाचं नाव घेता येत नाही. गणपतीत मात्र आरती सुरू झाली आणि त्या शब्द न चुकता शेवटपर्यंत म्हणाल्या. घर स्तब्ध झालं. यजमानांनी देवाला गाऱ्हाणं घातलं, चमत्कार झाला म्हणून शेजारी बघायला आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘गो’. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झालेल्यांपैकी काहींना बोलता येत नसलं तरी चालीवर म्हणता येतं, आणि त्याचाच उपयोग करून वाचा-उपचाराची एक पद्धत 1973 पासून रुळलेली आहे, हे भाचीने सांगितलं. आता मी त्यांना पाणी मागायला चालीवर शिकवतेय. बरोबर की चूक, देव जाणे. पुन्हा खांद्यासारखं व्हायला नको.

अर्थात कागदावर सगळं आहे. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010-11 पासून आहे, त्यात पुनर्वसन कार्यकर्त्याचं पदही आहे. उपकेंद्रांना आयुष्मान आरोग्य मंदिर असं नाव आणि नवा रंग मिळाला, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. आमच्या इथली मुलगी चांगली आहे. तिनंच एकदा सहज पट्टा बांधून माझं बीपी बघितलं, 156 निघालं. 1999 मध्ये अमेरिकेतली एक पाहणी छापून आली होती : आजारी जोडीदाराची सेवा करून ज्यांच्यावर ताण आला, अशा वृद्धांत चार वर्षांत मरण्याचा धोका 63 टक्क्यांनी अधिक. त्यात सुना नव्हत्या. आमचं कुठे मोजतात?

सिंधुदुर्गनगरीला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. ‘अटेंड’ने अर्धवट सोडलेला प्रश्न तिथे उचलता येईल. जिल्ह्यातून पक्षाघात होऊन घरी गेलेल्या प्रत्येकाला सहा महिन्यांनी फोन करा. चालतो का, स्वतः जेवतो का, सांभाळणारं माणूस कसं आहे, हे विचारा आणि छापा. एका तालुक्यात ग्रामीण रुग्णालयाचा फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोन दिवस गाडी देऊन वाड्यांवर पाठवा, समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला त्याच्या हाताखाली तयार करा, आणि शेजारच्या तालुक्याशी तुलना करा. केरळात घरी जाणारी नर्स ग्रामपंचायतीच्या पातळीवर आहे, 2008 पासून त्यांचं तसं धोरण आहे. आणि गिळण्याच्या तपासणीसाठी तर अभ्यासाचीही वाट बघू नका, एक परिपत्रक काढा. परिपत्रकं किती चटकन निघतात ते आम्हा शिक्षकांइतकं कुणाला ठाऊक?

डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स सोबत जोडली आहे, दवाखान्याचं नाव झाकून. ‘समजावून सांगितले’च्या पुढे सहीची जागा आहे, ती कृपया बघावी. समजावून सांगणाऱ्याची सही तिथे नाही. माझी आहे.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग