सूचना : पावसाळ्यातील वजन-उंची आणि दंडघेर मोजणी

सर्व सेविकाताई, मदतनीस आणि आशाताईंना,

नाल्यांना पूर आला की मेळघाटातले काही पाडे तुटतात, म्हणून मोजणी त्याआधीच उरका. स्थलांतरावरून परतलेल्या घरांपासून सुरुवात करा. ती मुले मोजणीतून सर्वांत आधी सुटतात.

दंडघेर डाव्या हाताचा घ्यायचा. खांद्याच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंतचा मध्य हात दुमडून काढा, मग हात सैल सोडायला लावून पट्टी गुंडाळा. पट्टी रुतेल इतकी ओढू नका. घट्ट पट्टीने निरोगी मूलही पट्टीवरच्या लाल (धोक्याच्या) रंगात जाते, ढिलीने आजारी मूल हिरव्यात (ठीक)! ६ ते ५९ महिन्यांच्या मुलाचा घेर ११.५ सेंमीपेक्षा कमी असेल तर ते सॅम (तीव्र कुपोषित), ११.५ ते १२.५ च्या आत असेल तर मॅम (मध्यम कुपोषित).

वजन-उंची बरी दिसली म्हणून दंडघेर सोडू नका. दोन्ही मोजमापे नेहमी तीच मुले दाखवत नाहीत, कुठल्याही एकात सॅम आले तरी ते मूल सॅमच. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून मोजा.

दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून पाहा. दोन्हीकडे खळगा राहिला तर ती सूज आहे, आणि सुजेने वजन फसवे वाढते. असे मूल त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवा. सॅम मूल ताप, जुलाब असलेले किंवा खायला नकार देणारे असेल तरीही थांबू नका. आईसोबत कुणीतरी जायलाच हवे, तिला एकटीला चिठ्ठी देऊन पाठवू नका.

– मुख्य सेविका