चाळ सुटताना

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

चाळ रिकामी करायची नोटीस आल्यापासून आपण कपाटं, गॅस आणि भाड्याचे चेक यांवरच बोलतोय. माणसांचं बोलायचं राहिलंय. गिरगावातून गोरेगावला गेलात की बाबांचा कट्टा, मंगळवारचं भजन आणि आईची भिशी एकाच दिवशी सुटणार.

इंग्लंडमधल्या ४२४ निवृत्तांवरचा एक अभ्यास २०१६ मध्ये आला. निवृत्तीआधी दोन गटांत (मंडळ, क्लब असे) असलेल्यांनी दोन्ही टिकवले, तर पुढच्या सहा वर्षांत मृत्यूचा धोका २ टक्के होता. एक सुटला तर ५, दोन्ही सुटले तर १२. आजारी माणूस गट आधी सोडतो, असा थोडा उलटा संबंधही त्यात असेल. तरी आकडे दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत.

बाबा, “तुझी आई आहे ना सोबतीला” हे पुरेसं नाही. अमेरिकेत १९९७ मध्ये २७६ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकून पाहिले. ज्यांची नाती तीनच किंवा त्याहून कमी प्रकारची होती, त्यांना सर्दी होण्याचा धोका सहा किंवा जास्त प्रकारची नाती असलेल्यांच्या चौपट निघाला. मोजले होते ते नात्यांचे प्रकार: घर, शेजार, काम, देवळातली मंडळी. एकाच कट्ट्यावर वीस मित्र असले, तरी प्रकार एकच.

म्हणून भजन सोडू नका. अकरानंतरची स्लो लोकल घ्या. चर्नी रोडला पाऊण तासात पोचाल. दर आठवड्याला जमलं नाही तर महिन्यातून दोन मंगळवार, पण ठरलेले. “जमेल तसं येईन” म्हणणाऱ्याचं येणं दोन महिन्यांत बंद होतं.

नव्या जागी एकच गट धरा, दहा-बारा जणांचा. महिनाभर त्याच वेळी जा. तोंडओळख व्हायलाच तीन-चार खेपा लागतात. मग एखादं काम मागून घ्या: हजेरीची वही, हॉलची किल्ली, चहाचा हिशेब. नुसता येऊन बसणारा आला नाही, तर कुणाच्या ध्यानात येत नाही. किल्ली ज्याच्याकडे, त्याला पाच मिनिटांत फोन येतो. घरात कुणी पडलं, तर त्या फोनचं मोल कळेल.

आई, गटाची सवय अंगाला लागते, वाईटसुद्धा. फिरून झाल्यावर रोज वडापावच्या गाडीवर थांबणारी मंडळी असतील, तर चालणं फुकट. कुणी “मी बीपीची गोळी सोडली, काही झालं नाही” म्हणालं, तर ऐकून घे. आपली गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नाही. नव्या भिशीत पहिले सहा महिने पैसे घालू नकोस. पैशावरून बिनसलं की माणसंही जातात.

टाळांची पिशवी ट्रकात टाकू नका, हातातच न्या. पहिल्याच मंगळवारी लागेल.

तुमची,
धाकटी